वरच्या न्हाणीची खिडकी

अहो,

चिऊला डोस द्यायला दवाखान्यात जातेय. ती झोपलीय तेवढ्यात लिहिते. ड्युटीवर तुमचा फोन बंद असतो, म्हणून चिठ्ठी. चहाच्या आधी वर जा.

आपल्या वरच्या भाडेकरूंची, नितीनभाऊंची लेक जयमाला आज संध्याकाळी बाळ घेऊन माहेरी येतेय. नितीनभाऊंनी तिच्या अंघोळीसाठी न्हाणीत गॅसचा गिझर बसवलाय. टाकी बघायला गेले तेव्हा दिसला. आणि कबुतरं शिरतात म्हणून तिथल्या खिडकीला तुम्हीच प्लायवूड ठोकलंय. आत गॅस जळणार आणि हवेला वाटच नाही. बाळंतीण आत बेशुद्ध पडली तरी बाहेर कुणाला कळायचं नाही.

दार उघडं ठेवा म्हणून सांगून भागणार नाही. चिऊच्या वेळी आईंनी दाराखालच्या फटीतसुद्धा फडकं कोंबलं होतं, मला वारा लागू नये म्हणून. तिची आईपण तेच करणार.

प्लायवूड काढा, जाळी लावा. गिझर बाहेर गॅलरीत बसेपर्यंत आपल्या बंबातलं पाणी वर द्या. ‘भाडेकरूंचं भाडेकरू बघतील’ असं परत म्हणू नका. घर आपलं आहे हो. नितीनभाऊ तिला आणायला गेलेत, फोन लागत नाही. चिडले तर माझं नाव सांगा.

जिन्यातल्या त्यांच्या गिझरच्या सिलिंडरचा रेग्युलेटर मी काढलाय. चिऊच्या दुपट्यात गुंडाळून माझ्यासोबतच्या पिशवीत ठेवलाय. खिडकी उघडी दिसल्याशिवाय तो कुणालाच देणार नाही, तुम्हालासुद्धा.

निकिता