मागचं शटर

५ सप्टेंबर

पहिला तास आणि पहिली फजिती!

सर वर्गात आले आणि मी सवयीने ताडकन उभी राहिले. एकटीच! बाकी सगळे पाय पसरून बसलेले, एक जण तर चक्क सफरचंद खात होता. सरांनी मागे वळून पाहिलं. त्यांना वाटलं, त्यांच्यामागून कुणीतरी बडी असामी आली. मी हळूच बसले.

इथे परदेशात सगळे सरांना नावाने हाक मारतात. माझ्या जिभेला ते जमणार नाही. या वहीपुरतं मी त्यांचं नाव ‘भुवई’ ठेवलंय. प्रश्न विचारला की त्यांची डावी भुवई वर जाते आणि उत्तर मिळेपर्यंत खाली येत नाही.

१२ सप्टेंबर

मेले! शहरांच्या इतिहासाच्या या विषयात निम्मे गुण वर्गात बोलण्याचे. नुसतं बोलून भागत नाही, वाद घालावा लागतो. या विषयात नापास झाले तर आपल्याकडचं माझं कॉलेज इथलं हे एक सत्र धरणार नाही. म्हणजे वर्ष वाया.

लेखी परीक्षेत मी कुणाला हार जायची नाही. पण वाद? सरांशी? आमच्या घरात मोठ्यांना ‘का?’ विचारलं की लगेच, ‘जीभ फार चालायला लागलीय हिची.’

१९ सप्टेंबर

भुवईंनी आज मलाच विचारलं. मी तयारीत होते! उभी राहून त्यांच्या पुस्तकातलं तिसरं प्रकरण धडाधड म्हणून दाखवलं, उदाहरणांसकट. आमच्याकडे पाठ थोपटली असती.

“हे मला माहीत आहे,” भुवई म्हणाले. “मीच लिहिलंय. तुला काय वाटतं?”

मला? मला काय वाटायचंय! गुण शून्य.

२० सप्टेंबर

रडून घेतलं. माझ्या खोलीत राहणारी मुलगी (इतकी उंच, की मी तिला ‘शिडी’ म्हणते) चहा घेऊन आली. म्हणाली, माझ्याशी तर रोज भांडतेस. खिडकीवरून, भांड्यांवरून, ओल्या टॉवेलवरून.

खरंच की! तिच्यापुढे तोंडाचा पट्टा सुरू आणि सरांपुढे दातखीळ.

४ ऑक्टोबर

‘मला वाटतं’ इतकं म्हणाले. तेवढ्यात सफरचंदवाला बोलून मोकळा झाला. शून्य.

११ ऑक्टोबर

पुढच्या तासासाठी भुवईंचं सगळ्यात गाजलेलं प्रकरण वाचलं. गावाबाहेरून वळणरस्ता, म्हणजे बायपास, झाला की जुनी पेठ मरते, असं त्यांचं म्हणणं. पुरावा म्हणून बंद शटरांचे फोटो, ओळीने.

वाचता वाचता माझं डोकं तापलं. मेली? आमच्या पेठेमागून असाच रस्ता झाला तेव्हा मी शाळेत होते. बाबांनी आमच्या पडद्यांच्या दुकानाची मागची भिंत फोडून तिथे नव्या रस्त्याकडे उघडणारं शटर बसवलं. बघता बघता अख्ख्या ओळीने तेच केलं. पुढची बाजू झाली गोदाम. जुन्या रस्त्याने कुणी गेलं तर म्हणेल, सगळे देशोधडीला लागले!

खात्री करायला बाबांना फोन केला. पुढचं शटर गंजलंय म्हणाले, उघडून कुणाला दाखवायचंय? मग त्यांना सगळं सांगितलं.

“सरांचं चुकलंय म्हणतेस? जपून हो, बाई. मार्क त्यांच्या हातात आहेत.”

१८ ऑक्टोबर

बोलले! बोलले! बोलले!

दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. बसूनच म्हणाले, “सर, तुम्ही पेठ पुढून मोजलीत. मागे जाऊन बघायला हवं होतं.”

भुवई वर. मग सुरू झाला भडिमार. एका गावावरून नियम कसा काढतेस? तुमचं गाव अपवाद नसेल कशावरून? पण मी पुस्तक उघडून त्यांचाच एक फोटो त्यांच्यासमोर धरला. शटर बंद, पण वरच्या मीटरला नवी कोरी वायर.

“मेलेल्या दुकानात नवी वायर कोण घालतं, सर?”

त्यांनी चष्मा काढला, फोटो डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले, “हे मी पाहिलंच नव्हतं.” आणि चक्क हसले! पोरांनी बाकं बडवली. खोलीवर येईपर्यंत माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

२५ ऑक्टोबर

आज दोनदा बोलले. त्यात एकदा साफ चुकले. काही झालं नाही! कुणी खाल्लं नाही मला.

१५ नोव्हेंबर

भुवई अख्ख्या वर्गाला इथल्या जुन्या बाजारात घेऊन गेले. आधी पुढून: सगळं सामसूम. मग मागच्या बोळात. तिथे न्हावी, चष्मेवाला, सायकलवाला, सगळे जोरात! भुवई प्रत्येक दारात डोकावत होते, नव्या घरात आलेल्या मुलासारखे. मला म्हणाले, ते प्रकरण पुन्हा लिहावं लागणार. कपाळावर आठी नाही, काही नाही. मला त्यांचा फार हेवा वाटला.

१२ डिसेंबर

पास! नुसती पास नाही, वर्गात पहिली! शिडीने मला उचलून गरकन फिरवलं.

बाबा दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगताहेत म्हणे, पोरीने तिकडच्या सरांची बोलती बंद केली. मी म्हटलं, अहो, बोलती बंद कुठली, तेच तर मला बोलतं करत होते! आईने फोन घेतला. तिचा आवाज आनंदाने चिरकत होता, पण शेवटी म्हणालीच, “तिकडे ठीक आहे हो. इथे आल्यावर जरा आवर.”

९ जानेवारी

परत आपलं कॉलेज, आपला बाक. सर नोट्स सांगत होते, आम्ही माना खाली घालून उतरवत होतो. मी हात वर केला.

“जा,” सर म्हणाले, “पण लवकर ये.”

मी उभी राहिले. “जायचं नाहीये, सर. तुम्ही आत्ता सांगितलंत ते मला पटलं नाही.”

सगळी पेनं थांबली. आणि मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, “सर, मलाही.”