निळ्या कागदावरचे बगळे

प्रिय वनितावहिनी,

तुम्हाला जाऊन काल एक महिना झाला. आपण एकाच घरात राहायचो, त्यामुळे तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. आज लिहितोय, कारण काल दादाने मला तुमचं चित्र काढायला सांगितलं.

झालं असं, की माझे ऑफिसचे पाटणकर सर संध्याकाळी भेटायला आले होते. तुमच्या फोटोला हार घातला, दादाजवळ बसले. काहीतरी बरं बोलायचं म्हणून म्हणाले, "तुमचा भाऊ आमच्याकडचा कलाकार आहे. प्रसाद, वहिनींचं एक छानसं चित्र काढ की हाताने." ते गेल्यावर दादा म्हणाला, "काढ रे. सायलीला आईची आठवण राहील."

मी "बघतो" म्हणालो. वहिनी, मला साधं आंब्याचं पान काढता येत नाही. हे फक्त तुम्हाला माहीत होतं.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात मी वाशीच्या त्या ऑफिसात लागलो, आठवतं? दुकानांच्या वर दोन खोल्या, चार कॉम्प्युटर. लोकांना इंटरनेटवर होमपेज बनवून द्यायचं काम. मला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. जमलं तर राहा, नाहीतर नमस्कार. बेलापूरच्या एका ट्रॅव्हल्सवाल्याला पानावर उडणारा पक्षी हवा होता. गडद निळं पान, त्यावर पांढरा बगळा. सर म्हणाले, "कुठून उचललेला नको. आपला पाहिजे."

मी दोन दिवस बगळा काढत होतो. तुम्ही भाजी निवडता निवडता बघत होतात. शेवटी तुम्हाला राहवलं नाही.

"भावजी, ह्यो बगला हाय का बदक?"

"बगळा आहे, वहिनी."

"मग मान अशी लांब कशाला? उडताना तो मान आखडून घेतो नि पाय मागं सोडतो. आमच्या बोनकोड्याच्या शेतात काय थोडे बघितले?"

आणि तुम्ही माझ्या हातातली पेन्सिल घेतलीत. तुमच्या माहेरी लग्नघराच्या भिंतीवर चित्रं काढायला तुम्हालाच बोलवायचे, हे मला दादाच्या लग्नात कळलं होतं. पण त्या पेन्सिलीच्या चार रेघांत बगळा उठून उडायला लागेल असं वाटलं नव्हतं. खिडकीच्या काचेवर एकावर एक कागद धरून तुम्ही आठ चित्रं काढलीत. पंख खाली आले की अंग थोडं वर, पंख वर गेले की अंग थोडं खाली. हे कुणी शिकवलं होतं तुम्हाला?

सरांनी तेव्हा ऑफिसचा एक जुना कॉम्प्युटर मला घरी नेऊ दिला होता. त्यावर मी तुम्हाला समजावलं. आठ चित्रं एकामागोमाग दाखवली की बगळा उडतो. मागचा कागद मात्र दिसता कामा नये, पानाचा निळा रंगच दिसला पाहिजे. त्यासाठी कॉम्प्युटरला एक रंग दाखवून द्यायचा आणि सांगायचं, हा गायब कर. मी पांढरा दाखवला. कागद गेला आणि त्याच्याबरोबर बगळाही गेला. निळ्या पडद्यावर नुसती चोच आणि दोन पाय फडफडत राहिले. तुम्ही पदर तोंडाला लावून केवढ्या हसलात.

मग मी चित्राभोवतीचाच पांढरा काढला, बगळ्याच्या आतला ठेवला. बगळा आला, पण सगळ्या अंगाला मळकट कडा. निळ्यावर ती कड फार वाईट दिसायची. मी आठवडाभर ती खरवडत बसलो. तुम्ही एका सकाळी सहज विचारलंत, "पांढऱ्या बगल्याला पांढरा कागद कशाला? तुमचं पान निळं हाय ना? मग निळ्या कागदावर पांढऱ्या रंगानं काढते. कड राहिली तर निळ्यातच जाईल."

वहिनी, ही युक्ती आमच्या ऑफिसात कुणालाच माहीत नव्हती. तुम्ही कॉम्प्युटरला कधी हात लावला नव्हता आणि तुम्हाला ती भाजी निवडताना सुचली. स्टेशनरीच्या दुकानातून मी पानाच्या रंगाच्या जवळ जाणारा कागद आणला. स्कॅनरवर त्या निळ्याला डाग यायचे, ते मी एकसारखे करत बसलो. तेवढं काम खरंच माझं. बाकी बगळा तुमचा. स्वच्छ कडांचा, निळ्यावर अलगद उडणारा.

सरांनी तो पडद्यावर पाहिला आणि सगळ्यांना बोलावलं. "कुणी काढला रे?"

"मीच," मी म्हणालो.

किती सोपं होतं ते. मला विचारही करावा लागला नाही. तीन महिने संपायला दहा दिवस राहिले होते, हे खरं. पण तेवढ्यासाठी खोटं बोललो असं म्हणालो, तर ते दुसरं खोटं होईल. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला ते आवडलं.

नोकरी पक्की झाली. मी घरी पेढे आणले. तुम्ही विचारलंत, "माझं नाव येतं का कुठं त्यात?" मी म्हणालो, "नावबिव नसतं, वहिनी. सगळं कंपनीचं असतं." त्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'चित्रे: प्रसाद'. ते मीच टाईप केलं होतं.

आणि तुम्ही काढत राहिलात. साडीवाल्यासाठी मोर, हॉटेलवाल्यासाठी मासा, होडी, समई. दादा कारखान्यात गेला, सायली खेळायला लागली, की तुम्ही खिडकीपाशी बसायचात. दादाला सांगायचं नाही असं मीच म्हटलं होतं. "सरांना कळलं, की घरच्यांकडून काम करून घेतो, तर बरं दिसणार नाही." तुम्ही मान डोलावलीत. माझ्यावर एवढा विश्वास का ठेवलात, वहिनी? एकदा तरी उलटून विचारायचं होतंत.

मग ती दुपार. त्या दिवशी माशाची चित्रं मी घरीच विसरलो. तुम्ही सायलीला कडेवर घेऊन, पाकीट हातात धरून, बसने वाशीला आलात. मला बोलणी बसू नयेत म्हणून. जिना चढून दारात उभ्या राहिलात तेव्हा तुम्हाला धाप लागली होती.

सर उठून आले. "या, या. प्रसादची चित्रं घेऊन आलात? तुमच्या दिराचा हात फार छान आहे हो."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. पडद्यावर मोर नाचत होता. तुम्हाला सगळं तिथेच कळलं असणार.

सायलीने पाकिटावर हात मारला. "मासा आईने काढला!"

सर हसले. मी खाली बघत होतो. आणि तुम्ही, वहिनी, तुम्ही म्हणालात, "तिला सगलं आईचंच वाटतं, साहेब."

सर बोलण्याच्या ओघात म्हणाले, "आम्हाला अजून एक चित्र काढणारं माणूस पाहिजे. घरी बसून केलं तरी चालेल. कुणी ओळखीत असेल तर सांगा."

तुम्ही लगेच उत्तर दिलं नाहीत. मी बोलेन म्हणून थांबल्या होतात. किती वेळ थांबलात ते मला माहीत आहे, कारण तेवढा वेळ मी माउस हातात धरून उगाच फोल्डर उघडत आणि बंद करत होतो. एक वाक्य होतं. 'सर, ही चित्रं वहिनींची आहेत.' एवढं म्हटलं असतं तर आजपर्यंत तुम्ही खिडकीपाशी बसून स्वतःच्या नावाने कितीतरी चित्रं काढली असती.

"नाय साहेब, कोन नाय," म्हणालात, आणि सायलीला घेऊन उतरलात.

घरी आल्यावर मी कशीबशी सुरुवात केली, "वहिनी, ते सरांचं..."

"भात वाढू?" तुम्ही विचारलंत.

पुढच्या वेळी मी समईच्या नव्या चित्राचा विषय काढला, तर म्हणालात, "सायलीच्या शाळेचं बघायचं हाय आता." तुम्ही रागावल्या नाहीत, बोलणं टाकलं नाहीत, माझा डबाही रोज भरलात. फक्त पेन्सिल पुन्हा हातात घेतली नाहीत. तुम्ही रागवायला हवं होतं, वहिनी. दादासमोर माझे वाभाडे काढायला हवे होते. तुम्ही मला इतकं सांभाळून घेतलंत, की खरं बोलायची गरजच मला पडली नाही.

यंदा पावसाच्या शेवटी तुम्हाला कावीळ झाली. हॉस्पिटलात मी सलग दोन दुपारी तुमच्याजवळ बसलो. तुम्ही जाग्या होतात, बोलत होतात. आपण शेजारच्या बाईंच्या मोतीबिंदूबद्दल बोललो, सायलीच्या बाईंबद्दल बोललो. दोन्ही दुपारी मला वाटत होतं, बऱ्या होऊन घरी आल्या की सांगू.

आज सकाळी दादाला सगळं सांगितलं. तो चहा पीत होता. मी जपून ठेवलेल्या पाकिटातली निळ्या कागदावरची आठही चित्रं त्याच्यापुढे मांडली. त्याने एकेक हातात घेतलं. मला वाटलं, ओरडेल, हात उचलेल. त्याने शेवटचं चित्र उलटून पाहिलं. मग म्हणाला, "मी तिला म्हणायचो, दिवसभर घरात असतेस, काहीतरी शीक. म्हणायचो, तुला येतं काय? ती गप्प बसायची."

मी रिकामं पाकीट सरळ करत बसलो.

"तू माझ्याच घरात होतास ना, प्रसाद?" तो म्हणाला. "मी हे तिला तुझ्यासमोर म्हणायचो."

ते खरं आहे. मी समोर होतो. पेपर वाचत असायचो.

दादाने चित्रं गोळा केली आणि आत घेऊन गेला. जाताना म्हणाला, "तू थोडे दिवस दुसरीकडे राहायचं बघ." मी ऐरोलीत एका मित्राकडे आलोय. हे पत्र त्याच्या गॅलरीत बसून लिहितोय.

तुमची माफी मी मागत नाही. तुम्ही ती देऊन टाकाल, आणि मी पुन्हा सुटेन.

एक वचन मात्र देतो. उद्या ऑफिसला गेलो की आधी सरांच्या केबिनमध्ये जाणार आहे. माझं काय करायचं ते त्यांनी ठरवावं. पण बाहेर पडण्याआधी, ठेवलं तरी आणि काढलं तरी, त्या प्रत्येक पानाच्या तळाशी तुमचं नाव लिहून मगच निघेन. नाव बदलायला मला दोन मिनिटं लागतात, वहिनी. एवढंच काम होतं ते, आणि दीड वर्ष मी ते केलं नाही.

तुमचा धाकटा दीर,
प्रसाद