शेवटच्या थांब्याची शिफारस

४ जानेवारी

झाले बाई सदस्य! महिलांच्या स्थितीविषयी सरकारला सल्ला देणारी परिषद, आणि तिच्यात मी, बस चालवणारी! नवरा सकाळपासून "सल्लागारबाई, चहा मिळेल का?" करतोय. म्हटलं, माझा सल्ला असा की स्वतः करून घे.

धाकटी जाऊ मात्र हसली नाही. तीही माझ्याच डेपोत चालक. म्हणाली, "ताई, बाकी काही नको. शेवटच्या थांब्यावर बायकांसाठी संडास तेवढा मागा." तिथे गाडी वळवून आम्ही थांबतो आणि जायला जागाच नाही. म्हणून पोरगी ड्यूटीवर पाणी पीत नाही. मूत्रपिंडाला सूज आलीये. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय — पाणी प्या, नाहीतर नोकरी सोडा.

११ जानेवारी

पहिली बैठक. अध्यक्षबाई निवृत्त न्यायाधीश. आवाज हळू, पण नजर अशी की समोर खोटं बोलवत नाही. परिषदेत मतदान नसतं. सगळ्यांचं एकमत झालं तरच शिफारस सरकारकडे जाणार.

मी आमचा विषय मांडला. सदस्यांत वाहतूक खात्याचे साहेबही आहेत, ते म्हणाले, "समोर हॉटेल आहे की!" हॉटेल कसलं, चहाची टपरी! त्यांच्या एकट्यामुळे अडलं. वर आणखी एक नियम कळला — सदस्याने पेपरात बोलायचं नाही, मोर्चात नाही, संपात नाही. म्हणजे तोंडाला कुलूपच की! अंगाचा तिळपापड झाला.

१२ जानेवारी

जावेला "होईल गं" म्हटलं. ती "बरं" म्हणाली.

२ फेब्रुवारी

काय बाई आहे ही! अध्यक्षबाईंनी आजची बैठक थेट शेवटच्या थांब्यावर ठेवली. सगळ्यांना बसनेच नेलं, गाडी जाऊ चालवत होती. शेडमधल्या बाकांवर बैठक आणि चहावर चहा. हळूहळू प्राध्यापकबाई चुळबुळ करायला लागल्या, मग वकीलबाई. "जरा जाऊन येते" — पण जाणार कुठे? तेवढ्यात साहेब उठले आणि खुशाल भिंतीआड जाऊन आले. परत येतात तर सगळ्या बायका त्यांच्याकडेच बघतायत! बिचारे कानापर्यंत लाल.

अध्यक्षबाई शांतपणे म्हणाल्या, "आणखी एक चहा मागवू, की एकमत झालं?"

झालं!! जाऊ स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होती. किती दिवसांनी हसली पोरगी.

२० मार्च

सरकारचं उत्तर — "शिफारस विचाराधीन आहे." मी म्हटलं, पुढे काय? अध्यक्षबाई म्हणाल्या, "आपलं काम सल्ला देणं. त्यांनी ऐकायलाच हवं असं कुठे लिहिलेलं नाही." नंतर बराच वेळ चष्मा पुसत बसल्या. त्यांचाही जीव तुटतो, दिसतं ना.

९ एप्रिल

जाऊ दवाखान्यात. ताप, पाठीत कळा. दीर म्हणतो, "वहिनी, तुम्हीच समजवा, सोड म्हणावं ही नोकरी." तिने माझा हात घट्ट धरला. "ताई, मला गाडी सोडायची नाहीये हो." तिच्यासमोर कसंबसं आवरलं. बाहेर जिन्यात पोटभर रडले.

२ मे

परिषदेची मुदत संपली; मला घेतलं तेच शेवटच्या चार महिन्यांसाठी. नवी नेमायची सरकारला घाई नाही. शिफारस कुठल्या कपाटात गेली, देव जाणे!

संध्याकाळी अध्यक्षबाईंचा फोन. "वाईट वाटतंय?" हो म्हटलं. म्हणाल्या, "आता तुम्ही सदस्य नाही. परिषदेचा कुठलाच नियम तुम्हाला लागू नाही." मी आधी नुसतीच हूं हूं करत राहिले. मग डोक्यात प्रकाश पडला! फोन ठेवला आणि डेपोतल्या एकेकीला लावत सुटले.

३ मे

आज एकाही बाईने गाडी काढली नाही. फाटकासमोर सतरंजी टाकून बसलो. जाऊही आली, ऐकेना. ऊन चढायच्या आत एक टॅक्सी थांबली. अध्यक्षबाई उतरल्या. चपला काढून म्हणाल्या, "सरका जरा."