शून्य चुका

गासान, सोल
२४ नोव्हेंबर

हे-रानताई,

फोन मी आपटला नव्हता, ठेवला होता. आपटणं वेगळं, ठेवणं वेगळं. आणि चुसोकच्या सणाला जेवताना मी जे बोललो ते तू आईला सांगितलंस तसं ओरडून नव्हतो बोललो. तोंडात मासा होता, म्हणून आवाज मोठा झाला. तेवढ्यावरून तू दोन महिने अबोला धरलास. मसाजच्या दुकानात फोन केला की ती तुमची बाई म्हणते, "गिऱ्हाईक आहे तिच्याकडे." दोन महिने एकच गिऱ्हाईक? एवढी त्याची पाठ आहे तरी केवढी?

बरं, रीत राहिली. मी मजेत आहे, तू मजेत असशील, आईचं वर्षाच्या किमचीचं काम उरकलं असेल. मी मदतीला आलो नाही म्हणून ती बोलली असेलच, आणि तू तिची बाजू घेतली असशीलच. इथं खोलीच्या भाड्यात भात आणि किमची फुकट मिळते, पण ती किमची म्हणजे तिखटाच्या पाण्यात बुडवलेला कोबी. आईच्या हातची थोडी माझ्यासाठी बाजूला ठेव.

हे पत्र तुझं यंत्र वाचून दाखवणार, म्हणून यात हसरे-रडके चेहरे घातलेले नाहीत. मागच्या वेळी त्यानं तुला दर वाक्याला "घाम फुटलेला हसरा चेहरा" ऐकवलं आणि तू मला शिव्या घातल्यास.

आता कामाचं. आमच्या कामाला इथं पब्लिशर म्हणतात, आणि आई जिंदो बेटभर सांगत फिरते की पोरगा पुस्तकं छापतो. सांगू दे. खरं काम असं की, वेबसाइटच्या पानाच्या आतला सांगाडा लिहायचा. त्याला मार्कअप म्हणतात. हे शीर्षक, हे बटन, हे चित्र, असं प्रत्येक गोष्टीला तिचं नाव द्यायचं. डोळस माणूस वरचा रंग बघतो. तुझं यंत्र मात्र हा सांगाडाच वाचतं. सरकारच्या फुकट वर्गात मला एवढं एकच शिकवलं, आणि शाळा अर्ध्यात सोडलेल्या माणसाला ते जमलं, याचं मलाच अजून नवल वाटतं.

उन्हाळ्यापासून आमच्याकडे नवीन फ्रेमवर्क आलंय, म्हणजे पानं बांधायचा तयार साचा. ते गी-थे सांभाळतो. मोठ्या कॉलेजातला आहे, बोलतो चांगला, कॉफीही पाजतो. तो आपला भाग लिहितो आणि सांगाडा फ्रेमवर्क स्वतःच ओतून देतं. आम्ही एका इस्पितळाचं पान बांधतोय, तुझ्या नाही, दुसऱ्या जिल्ह्याच्या. डॉक्टर निवडायचा, तारीख निवडायची, वेळ घ्यायची. गेल्या आठवड्यात तपासणीच्या यंत्रावर ते पान चढवलं. आमचे वरिष्ठ, पांग साहेब, त्यांनी पडदा सगळ्यांकडे वळवला.

"बघा! शून्य! एकसुद्धा चूक नाही!"

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. खोटं कशाला बोलू, फार देखणं लिहिलं होतं. मी हातानं लिहितो त्याहून स्वच्छ. गी-थे माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आता तुझे हात मोकळे झाले, दू-ह्योन." म्हणजे काय ते मला कळलं. माझं कंत्राट डिसेंबरात संपतं.

दुपारी सगळे जेवायला खाली गेले तेव्हा मी पडदा बंद केला, कानात वायर घातली आणि वाचून दाखवणारं यंत्र लावून तुझ्यासारखं ते पान ऐकलं. का ऐकलं, ते विचारू नकोस.

"डॉक्टरांचं चित्र. बटन. डॉक्टरांचं चित्र. बटन." सगळे डॉक्टर एकाच नावाचे. अंदाजानं एक दाबला. तारीख दाबली. यंत्र गप्प. वेळ दाबली. गप्प. "निश्चित करा" दाबलं. पडदा लावून बघितलं तर हिरव्या रंगात हे एवढं मोठं लिहिलेलं, नोंदणी अपूर्ण, वेळ पुन्हा निवडा. कानात मात्र काही नाही. मी वाट बघत बसलो होतो, ताई. मूर्खासारखा.

चूक एकही नव्हती. तपासणीच्या यंत्राला चित्राला नाव लागतं, ते होतं. बटनाला बटन म्हणायला लागतं, म्हटलेलं होतं. सगळं नियमात.

मी ते हातानं दुरुस्त केलं. सकाळी गी-थेनं पान पुन्हा बांधलं आणि फ्रेमवर्कनं माझं सगळं पुसून टाकलं. गी-थेनंच फ्रेमवर्कच्या मुळात बदल केला तर टिकेल. मग बैठकीत बोललो.

गी-थे म्हणाला, "यंत्र म्हणतं शून्य, आणि आमचा दू-ह्योन म्हणतो चूक. कान फार तिखट झालेत याचे."

मागून कोणीतरी म्हणालं, "कंत्राट संपत आलं की कान तिखट होतातच."

हसले सगळे. आणि खरं सांगू? त्यांचं काही चुकलं नाही. कारण बाहेरून ते तसंच दिसतं. मीही त्यांच्या जागी असतो तर हसलो असतो.

पांग साहेब म्हणाले, "आंधळा माणूस काय ऐकतो, ते तुला रे काय ठाऊक?"

"माझी ताई आंधळी आहे," मी म्हणालो.

इतक्या दिवसांत हे मी इथं कोणाला सांगितलं नव्हतं. ताई आरोग्याच्या क्षेत्रात आहे, एवढंच सांगायचो. रागाव. मला वाटलं, आता तरी गप्प बसतील. पण पांग साहेबांचा चेहरा उजळला.

"अरे, मग आधी नाही का सांगायचं! आपल्याला तसंच माणूस हवंय!"

गोष्ट अशी आहे. पानाला दर्जाचा शिक्का मिळवायचा तर फायलीत एका दृष्टिहीन माणसाचा जबाब लागतो, की मी नोंदणी करून पाहिली, अडचण आली नाही. डिसेंबरच्या पहिल्या तारखेला पान सुरू व्हायचंय. गी-थेनं बदल करायचे तर ती तारीख जाते. म्हणून साहेबांना तुझा जबाब हवाय. तीन लाख वॉन मानधन. आणि नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझं वर्षभराचं कंत्राट मी स्वतः बघतो. ताईला सांग, फक्त एक 'हो' म्हणायचंय."

मी नाही म्हणालो. तुझा नंबर ऑफिसात अडीअडचणीसाठी दिलेला आहे, तिथून त्यांनी घेतला. सोमवारी तुला फोन करतील. आवाज गोड आहे त्यांचा. आईची चौकशी करतील, मग माझ्या नोकरीवर येतील. ते जे सांगतील ते खरं आहे, म्हणून आधीच लिहितोय.

मला भीती त्यांची नाही, तुझी आहे. मी शाळा सोडली तेव्हा तू आईला म्हणालीस, मीच त्याला सोडायला सांगितली. आन्सानच्या कारखान्यातून पळून आलो तेव्हा म्हणालीस, त्याची तब्येत बरी नव्हती. मला शिव्या घालशील आणि माझ्यासाठी धडधडीत खोटं बोलशील. या वेळी बोलू नकोस. ते पान उघड, नोंदणी करून बघ, आणि जे ऐकू येईल ते त्यांना सांग. तुला जमलं तर जमलं म्हण. मी चुकलो असेन तर तसं सांग, मी गी-थेला कॉफी पाजेन.

नोकरी गेली तर तू म्हणशील, हा कुठं टिकतच नाही. म्हण. पण या वेळी मला टिकायचं होतं. कुठलं तरी काम मला पहिल्यांदाच मनापासून आवडलंय. एवढंच.

एकदा शिक्का बसला की त्या पानाला कोणी हात लावणार नाही. मग तिथलं कोणीतरी तुझ्यासारखंच पहाटेची बस धरून इस्पितळात जाईल, काउंटरवरची मुलगी म्हणेल, तुमच्या नावावर काही नाही. घरी आल्यावर त्याचा भाऊ तोंडात मासा ठेवून म्हणेल, तूच चुकीचं बटन दाबलं असशील.

तू बरोबर दाबलं होतंस, ताई.

पांग साहेब "हो"चे तीन लाख देणार आहेत. ते घेऊ नकोस. तुझी मजुरी मी देतो, जे ऐकशील ते सांगायची. भाडं भरून एवढेच उरले, आणि त्यांच्यापेक्षा जास्त आहेत. आईला यातलं काही बोलू नकोस. तिला पुस्तकंच छापू दे.

सोमवारी तरी फोन उचल.

तुझा
दू-ह्योन

सोबत पाठवतोय: तीन लाख एक हजार वॉन.