परीक्षणात न मावलेलं लग्न

खांडबारा,
१२ मार्च १९४३

प्रिय भटूदादा,

साप्ताहिकातलं तुझं परीक्षण वाचलं. यांनी जेवताना मोठ्यानं वाचून दाखवलं. तो लग्नाचा बोलपट मी आधीच पाहिला होता. नंदुरबारला तंबूत लागला तेव्हा शेजारच्या नर्मदाबाई मला गाडीनं घेऊन गेल्या होत्या. मुंबईच्या पत्रांनी गाण्यांची तारीफ केली, कुणी थोरल्या बहिणीच्या कामाची. तू मात्र शेवटावर तुटून पडलास. थोरली विष घेते आणि बाप धाकटीला बोहल्यावर चढवतो, हे तुला पटलं नाही. तू लिहिलंस, ‘घरात प्रेत झाकून मंगलाष्टकं म्हणवणारे आईबाप कुठे असतात? लेखकानं दाखवावेत.’ हे म्हणाले, “तुझ्या भावानं बरोबर हाणलंय.” माझ्या हातातली पळी तशीच राहिली.

दादा, तंबूत मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा मी कान झाकले होते. तरी ऐकू येत होती. सोळा वर्षं येताहेत.

रनाळ्याच्या आपल्या घरी, लग्नाच्या सकाळी नवरी धनूताई माझी वेणी घालत होती. मध्येच म्हणाली, “कौसे, मन्हा बदली तू जाशी का?” मी हसले. तेरा वर्षांची होते, मला थट्टा वाटली. मग ती दिसेना. तू मळ्यातल्या विहिरीकडे धावलास. तूच तिला वर काढलंस. चाऱ्याच्या खोलीत तिला ठेवून आबांनी कडी लावली आणि आईला म्हणाले, “वऱ्हाड दारमा शे. कौसाले उभी करा.” पाहुण्यांना सांगितलं, थोरलीला ताप भरलाय. तिचा शालू मला चार बोटं लांब होता, आईनं तो खोचून दिला. आईचे हात थांबले नाहीत. कानपिळीला तू पुढे आलास तेव्हा तुझे केस ओले होते. यांना वाटलं, मेहुणा अंघोळ करून आलाय. संध्याकाळी वऱ्हाड निघालं आणि मागे तुम्ही ‘पटकीनं गेली’ सांगून सगळं उरकलंत. तिला शेवटचं पाहायला मी नव्हते. मी बैलगाडीत होते.

त्यानंतर आपण दोघं कधी एकटे बसलोच नाही. तू पुण्याला गेलास, लिहिता झालास. मला वाटायचं, कधीतरी दादा लिहील. तू लिहिलंस ते हे.

परीक्षण वाचलं त्या दिवशी जेवण तसंच टाकून मी यांना सगळं सांगितलं. हे हात धुऊन स्टेशनात कामावर गेले. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, “मला ताप सांगितला होता.” आणि मी साप्ताहिकाला लिहिलेल्या पत्राच्या पाकिटावर संपादकांचा पत्ता स्वतः घालून दिला.

म्हणून तुला हे पत्र. संपादकांना मी लिहून कळवलंय, अशा घरात मी लहानाची मोठी झाले. गाव, साल, धनूताईचं नाव, खाली माझी सही. पुढच्या अंकात छापतो, असं त्यांचं कार्ड आलंय. तुझं नाव मी घातलेलं नाही, ते तुला घालायचं तर घाल. आबा गेले, पण आई तुझ्याजवळ आहे. अंक यायच्या आत तिच्याजवळ बस आणि तुझ्या तोंडून तिला सांग, की कौसा बोलली. दुसऱ्या कुणाकडून तिला कळू नये.

तुझी, आता एकटीच उरलेली बहीण,
कौसा