नऊ अलार्मची नक्कल

सोमवार, ३ नोव्हेंबर
नळ पाच पन्नासला आला. दोन पोळ्या, कालचे वरण. दहाला बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेलो. आता खिडकीवर सही चालत नाही. फोनमध्ये चेहरा दाखवायचा, मग फोन ठरवतो मी जिवंत आहे की नाही. सु.चा फोन तीनदा नाही म्हणाला. खिडकीवरची मुलगी इथल्या हिंदीत म्हणाली, "अंकल, पलकें झपकाइए." पापण्या मिचकावल्या. चौथ्यांदाही नाही. कॅमेऱ्याच्या काचेला तडा आहे, त्यामुळे. शेवटी तिने तिच्या यंत्रावर अंगठा घेतला. जिवंत ठरलो.

संध्याकाळी मुग्धाचा पुण्याहून फोन. नवीन फोन पाठवते आहे म्हणाली. नको म्हटले. पाठवून झाला होता.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
फोन आला. खोका केवढा, आत वस्तू केवढी. मुग्धाने नवे सिम सोबत घातले आहे. चार्जर नाही. तो वेगळा घ्यायचा म्हणे. जुन्या चार्जरची पिन बसत नाही. सिमचा कप्पा उघडायला एक सुई मात्र आठवणीने दिली आहे. ही प्रगती.

सुरू केल्यावर आधी नमस्कार, मग माझे नाव, जन्मतारीख, बोट, चेहरा. एवढी चौकशी नोकरीला लागताना पोलिसांनी केली नव्हती. सगळे दिल्यावर म्हणतो, अपडेट आहे, थांबा. आजच जन्मलेल्या वस्तूला दुरुस्ती कसली? पाऊण तास थांबलो.

शनिवार, ८ नोव्हेंबर
मुग्धाने फोनवरून एकेक सांगितले, दोन्ही फोन शेजारी ठेवून जुन्यातले नव्यात आणले. फोटो आले. नंबर आले. सु.ने पाठवलेले फुलांचे सुप्रभात एकूण एक आले. "सगळं आलं ना बाबा?" आले म्हटले.

चार वाजता जुन्यात चहाचा अलार्म वाजला. नवा गप्प. उघडून पाहिले. अलार्मच्या पानावर एकही नाही. मुग्धाला विचारले. ती म्हणाली, कंपनी वेगळी असली की अलार्म येत नाहीत, तेवढे हाताने लावा, पाच मिनिटांचं काम आहे.

नको ते सगळे आणले. हवे होते ते तेवढेच ठेवून आला.

तेराव्याला शय्यादानात सु.ची गादी, छत्री, चपला गेल्या. फोन कोणाच्या लक्षात आला नाही. मी खिशात घातला तो आजतागायत. तिचाच नंबर, तिचेच अलार्म. माझे बटणाचे यंत्र ड्रॉवरमध्ये पडून आहे. दिवसभरात सात वेळा वाजतो आणि तिने लिहिलेले अक्षर समोर येते. घरात तेवढेच बोलणे होते. हे मुग्धाला सांगितलेले नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
जुन्या फोनची पाठ उचलली गेली आहे. आत बॅटरी फुगली. जवाहर चौकात दुकानात दाखवला. दुकानदार चाळिशीचा, कानात यंत्र, माझ्याशी बोलतो की दुसऱ्या कोणाशी ते कळत नाही. त्याने दोन बोटांत धरला, मेलेला उंदीर धरतात तसा. मॉडेल बंद झाले, बॅटरी मिळणार नाही, चार्जिंगला लावलात तर पेट घेईल. एक्स्चेंजमध्ये द्या, नव्यावर सूट मिळेल. नवा आहे म्हटले तर म्हणाला त्याहून नवा घ्या. देणार नाही म्हटले.
"अंकल, इसमें रखा क्या है? डब्बा है ये."
"अलार्म आहेत," मी मराठीतच म्हणालो. त्याला कळले नाही, बरे झाले.

डब्बाच असेल तर डब्यात ठेवतो. पिठाचा रिकामा स्टीलचा डबा गॅलरीत ठेवला, त्यात फोन. २३ टक्के शिल्लक. यापुढे चार्ज करायचा नाही. संपेल तेव्हा संपेल.

बुधवार, १२ नोव्हेंबर
१५ टक्के. त्याआधी नोंद हवी. अभिलेख शाखेत एकतीस वर्षे काढली, कागद जीर्ण झाला की आधी नक्कल करायची, मग मूळ बांधून ठेवायचे. सवयीने फोन घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या गुप्ताजींकडे गेलो. अलार्मचे पान उघडून काचेवर पालथा ठेवला. प्रकाशाची पट्टी फिरली. कागद काळा कुळकुळीत आला, मध्ये माझ्या बोटांचे ठसे. दुसऱ्यांदाही तसाच. गुप्ताजी हसले नाहीत, सभ्य माणूस. पैसेही घेतले नाहीत. रांगेतला एक जण म्हणाला, "स्क्रीनशॉट ले लेते, बाबूजी." घेतला असता. पण तोही याच डब्ब्याच्या पोटात, किंवा त्या नव्याच्या. दोघांवरही विश्वास नाही.

घरी येऊन हाताने उतरवले.

५.४० नळ
७.१५ ह्यांची गोळी
८.३० ह्यांची गोळी परत विचारणे, घेतली म्हणतात
११.०० कुंड्या
४.०० चहा
गुरु. ४.२० विचारणे
६.४५ दिवा
९.०० गॅस बंद
रवि. १०.०० मुग्धा

एकूण नऊ. मुळाशी ताडून पाहिले. सत्य प्रतिलिपि. शिक्का नाही, सही केली.

सहावा कळत नाही. काय विचारणे? कोणाला? ८.३० ला गोळीचे लिहिले आहे तसे इथे काही नाही. सु. मे महिन्यात गेली, तेव्हापासून दर गुरुवारी वाजतो, मी बंद करतो. तिच्या महिला मंडळाचे काही असेल असे समजत होतो.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
८ टक्के. चार वीसला डब्यातून आवाज आला. पत्रा घुमतो, त्यामुळे शेजारच्यांनाही ऐकू गेला असेल. झाकण काढून पाहिले. 'विचारणे'.

आज आठवले. ती असतानाही वाजायचा. चहा झालेला, मी पेपरात, ती समोर. फोन वाजला की ती बघायची, बंद करायची, थोडा वेळ बसायची, मग कप उचलून आत जायची. किती गुरुवार, सांगता येणार नाही. मंडळ तर मंगळवारी असायचे.

मी पेपर कधी खाली ठेवला नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
सकाळचा नळाचा वाजला. गोळीचा वाजला नाही. झाकण उघडले, फोन बंद. गोळी घेतली.

नव्याने आज स्वतःहून कळवले की या आठवड्यात मी फोन कमी पाहिला, अभिनंदन. हा माझा कोण लागतो?

रविवार, १६ नोव्हेंबर
मुग्धाचा फोन दहाला. नव्या नंबरवर. आवाज मोकळा वाटला. तसे म्हटले.  मग म्हणाली, "बाबा, तुम्ही फोन केला की माझ्याकडे 'आई' असं यायचं. दर वेळी. ऑफिसात, रस्त्यात. मला ते सहन होत नव्हतं." म्हणून तिने नवा फोन पाठवला. हयातीचा दाखला, कॅमेरा ही सगळी निमित्ते.
"मग नाव बदलायचंस."
"तुम्ही लावलेत का अलार्म हाताने? तेही पाच मिनिटांचंच काम."
उतरवलेला कागद पुढे घेतला.

मग तिला अलार्मचे सांगितले. सगळे नऊ वाचून दाखवले. ८.३० ला हसली, रडलीही. सहाव्याला म्हणाली, तुम्हालाच काही विचारायचं असेल. मी म्हटले, मला विचारायला अलार्म कशाला? ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला काही विचारायचं तर मीसुद्धा दोन दिवस आधी ठरवते."

तिला काही माहीत आहे का, विचारले. नाही म्हणाली. मला ते खरे वाटते.

मंगळवार, १८ नोव्हेंबर
नव्यात अलार्म लावायला बसलो. 'ह्यांची' लिहिले की पुढे आपल्याच मनाने 'शुभेच्छा' सुचवतो. ह्यांची शुभेच्छा. तिसरीचा मुलगा असे लिहिणार नाही. खोडून लिहिले. पाच मिनिटांच्या कामाला दीड तास. आवाजही तो नाही, जलतरंगासारखे काहीतरी टिंगटिंग करतो. नऊपैकी आठ लावले.

सहावा लावला नाही. तो तिने स्वतःला लावला होता. मी लावून काय होणार?

गुरुवार, २० नोव्हेंबर
नळ वेळेवर. गोळी घेतली, साडेआठला परत विचारल्यावर खरे उत्तर दिले. कुंड्यांना पाणी. डबा गॅलरीतच आहे, त्यावर वीट ठेवली आहे.

चारला टिंगटिंग झाले. चहा केला. पेपर आला होता, घडी मोडली नाही. समोरच्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे होते, ते उचलून पलंगावर ठेवले. चार वीसला काही वाजले नाही. भिंतीवरच्या घड्याळात पाहत होतो म्हणून कळले. साडेचारपर्यंत बसलो.

मग कप विसळला, पालथा घातला.