खापर, चूल आणि मागे घेतलेला अंगठा

धर्मेंद्र, हा कागद वाचायला आलास म्हणजे चष्मा घरी विसरला असणारच. मांगीलालभाऊंचा मागून घे आणि खाली बस. आईचं नाव आठवत असेल, तरी कायद्यासाठी सांगते.

मी, छबूबाई हिंमतराव पाटील, वय अंदाजे अठ्ठ्याहत्तर, राहणार मौजे सावळपुरे, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघ्यांची हमी देत नाही. मला अक्षर येत नाही. मी सांगितलं ते निवृत्त तलाठी नवलसिंगने लिहिलं आणि किराणावाल्या मांगीलालभाऊंनी मला वाचून दाखवलं. लिहिणारा आणि वाचणारा एकच असला की काय होतं, ते मला पुरतं कळलेलं आहे.

१. यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. एक अंगठा मात्र केलेला आहे. तो मी या कागदाने रद्द करते. नवलसिंग म्हणतो, मृत्युपत्रात असं बसत नाही. बसव म्हटलं.

हकीकत अशी. गावच्या शाळेतल्या पोरांचं दुपारचं जेवण मी, सिंधुबाई आणि माझी सून स्वप्नाली, म्हणजे धर्मेंद्रची बायको, आम्ही एकोणीस वर्षं रांधलं. गावची ज्वारी, गावची डाळ, शेतातली भाजी. मग अन्न तपासणीचे साहेब आले. आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे, दिवस होते, म्हणून मी खापरावर मांडे करत होते. साहेबांनी तीन खाल्ले, हात पुसले आणि विचारलं, "आजी, हे मातीचं भांडं फूड ग्रेड आहे का?"

मी म्हटलं, "साहेब, आधी चौथा खाई ल्या, मंग लिखा."

त्यांनी चौथा खाल्ला आणि लिहिलं. धुराडं नाही. मिरच्या उघड्यावर वाळतात. स्वयंपाकी बाई डोकं झाकत नाही. साठ वर्षांत माझा पदर डोक्यावरून ढळलेला कोणी पाहिला असेल तर त्याने या कागदाला हरकत घ्यावी. परवाना काढा, नाहीतर बंद करा, असं सांगून साहेब गेले. जाताना दोन मांडे बांधून नेले. ते मात्र लिहायचे राहिले.

आठ दिवसांनी धर्मेंद्र कागद घेऊन आला. "माय, आठे आंगठा लाव. परवानाना अर्ज शे."

"काय लिखेल शे?"

"तुन्हाच फायदानं शे."

लावला. महिन्याने त्याची नक्कल आली, ती मांगीलालभाऊंनी दुकानात वाचली. त्यात होतं की वयोमानामुळे आमचा गट स्वयंपाक स्वखुशीने सोडत आहे आणि जेवण शहरातल्या मोठ्या स्वयंपाकघरातून यावं. ते डबे आणायला टेम्पो कोणाचा, हे मी लिहवून घेत नाही. आमच्याच दारात उभा आहे.

स्वप्नाली रडकुंडीला येऊन म्हणाली, "माय, तुम्ही माले कागद का नही दखाडा?" काय सांगणार? पोटच्या पोराचा कागद सुनेकडून वाचून घ्यायचा, अशी रीत आमच्यात नव्हती. आता पाडावी.

२. आता खिचडी पहाटे शिजते आणि दुपारी पोचते. डब्याला सील पक्कं, आत गोळा. निम्मी गावच्या बकऱ्या खातात. त्यांची तब्येत सुधारली आहे, हे सरकारला कळवावं.

३. घर ह्यांनी हयातीतच माझ्या नावावर केलं होतं. मागच्या तीन खोल्या धर्मेंद्रला. पुढची खोली, चूल, मोरी आणि रस्त्याकडचं दार एकट्या स्वप्नालीला, कायमचं. तिथे टेम्पोचे डबे ठेवायचे नाहीत, रिकामेसुद्धा.

४. पोस्टात जे असेल ते तिलाच. त्यातून धुराडं बांधावं, खिडक्यांना जाळी लावावी आणि परवाना स्वतःच्या नावावर, स्वतःच्या सहीने काढावा. जूनमध्ये शाळा समिती पुन्हा बसणार आहे. गावात परवान्याचं एक जरी स्वयंपाकघर असलं, तर पोरांचं जेवण गावात परत आणता येईल, असं मुख्याध्यापक म्हणाले. नसलं, तर पाच वर्षं गोळा. स्वप्नालीने लोणखेड्याला बी.ए. केलं आहे, तिला फसवायला धर्मेंद्रला बरीच मेहनत पडेल.

५. खापर स्वप्नालीला. नवं आहे, आधी मंद आचेवर तापवावं, घाई केली तर तडकेल.

६. तपासणीच्या साहेबांना, त्यांनीच दिलेल्या दोन प्लास्टिकच्या टोप्या. वापरलेल्या नाहीत.

७. धर्मेंद्रला मागच्या वर्षीच्या मेळाव्याचा बॅनरही द्यावा, माझ्या खाटेखाली आहे. नंदुरबारला 'आपली माती, आपलं ताट' असा मेळावा भरला, तेव्हा धर्मेंद्र फेटा बांधून माइकवर म्हणाला, "मन्ही मायना हातनी भाकर!" टाळ्या पडल्या. स्टॉल शहरातल्या केटररचा होता. मी थापू का, असं विचारायला गेले तर स्टॉलवाले म्हणाले, आजी, परवान्याशिवाय भाकरी थापता येत नाही, पण फोटोला थांबा. थांबले. फोटोत मी हसते आहे असं वाटतं. दात दुखत होता.

८. सिंधुबाईला काही ठेवत नाही. नवलसिंग म्हणतो, साक्षीदाराला देणं बरं नाही. म्हणून माझी मोठी परात तिला काल जिवंतपणीच दिली.

९. धर्मेंद्रला वगळलेलं नाही, हे त्याने ध्यानात घ्यावं. पोरगा माझाच आहे. जूनच्या बैठकीत तो ग्रामपंचायतीचा पंच म्हणून उभा राहून "तो आंगठा मी फसाडीसन लिधा" एवढं बोलला, तर मागच्या खोल्यांकडचं मधलं दार उघडावं आणि त्याला स्वप्नालीच्या चुलीवरचं गरम जेवण मिळावं. तोवर दार बंद.

हे सगळं दोनदा ऐकून, समजून, कोणाच्या दडपणाखाली न येता डाव्या हाताचा अंगठा उठवते. शाई मी स्वतः लावली.

छबूबाई हिंमतराव पाटील यांचा अंगठा

साक्षीदार: १. मांगीलाल जैन (सही) २. सिंधुबाई पाटील (सही)
लेखनिक: नवलसिंग गिरासे (सही)
ठिकाण: सावळपुरे. दिनांक: १४ फेब्रुवारी २०२५

अंगठ्यानंतर सांगितलेलं, साक्षीदारांसमोर: माझ्या दहाव्याला केटरर बोलवायचा नाही. शाळेत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत आणि कमी तिखटाची शेंगदाण्याची चटणी पाठवा. मी सुट्टीत गेले तर शाळा उघडेपर्यंत थांबा. फाटकावर शिपायाने अडवलं तर भांडू नका. टोपली तिथेच खाली ठेवा, फडकं बाजूला करा आणि वास आत जाऊ द्या.